उन्हाळ्यात पोरांचा घोळका घेऊन बेळगाव परिसर पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकातल्या शाळांना साधारण १० एप्रिलच्या सुमारास सुट्टी लागते आणि मे संपता संपता त्या उघडतात. कोल्हापूर-पुण्याकडच्या मुलांची सुट्टी मात्र मे महिन्यात सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालते. दोन्हीकडची भावंडं एकत्र सापडतात ती मे महिन्यात, म्हणजे नेमकी कडक उन्हात. आजोळी दहा-बारा पोरं जमली की कुणातरी मामाच्या किंवा मावशीच्या गळ्यात ‘आम्हाला फिरायला न्या’ हे पडतंच. त्या मामा-मावशींसाठी, गल्लीतल्या मंडळांसाठी आणि सुट्टीतलं शिबिर चालवणाऱ्या शिक्षकांसाठी ही पानं आहेत.

एवढ्या उन्हात मुलांना बाहेर काढावं तरी का?

काढावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा पस्तीस-छत्तीसच्या घरात गेला तरी पहाटे गार असतं आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. पहाट आणि संध्याकाळ धरली तर दिवसाचे सहा-सात तास फिरण्याजोगे मिळतात. त्रास होतो तो उरलेल्या चार-पाच तासांत, आणि सहलीतली बहुतेक आजारपणं ‘एवढं एक बघून घेऊ आणि मग जेवू’ यातून येतात.

मग दिवस आखायचा कसा?

ठिकाणांची यादी बाजूला ठेवा आणि आधी सावली शोधा. साडेअकरा ते साडेतीन पोरं कुठल्या झाडाखाली किंवा कुठल्या छपराखाली असतील, हे पहिल्यांदा ठरवा. मग त्या जागेच्या एका बाजूला सकाळचं ठिकाण आणि दुसऱ्या बाजूला संध्याकाळचं ठिकाण लावा. दोनच ठिकाणं. तिसरं कुणी सुचवलं तर पुढच्या रविवारी.

हे एवढं ठासून सांगण्याला कारण आहे. आपल्या अक्षांशावर एप्रिलअखेरपासून सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे तटाची, देवळाच्या भिंतीची, बसची, कशाचीच सावली बाजूला पडत नाही. ‘किल्ल्याच्या भिंतीआड बसू’ हा बेत सकाळी नवाला ठीक वाटतो, बारा वाजता तिथे बोटभर सावली उरत नाही. दुपारची सावली म्हणजे झाड किंवा छप्पर, तिसरा प्रकार नाही.

मे महिन्यात सूर्य साधारण सहाला उगवतो आणि सातच्या थोडं आधी मावळतो. साडेसहाला गाडी निघालीच पाहिजे. पोरं उठत नाहीत अशी तक्रार सगळ्या आया करतात. आदल्या रात्री सगळ्यांना एकाच घरात झोपवलं की हा प्रश्न सुटतो, कारण एक उठला की बाकीचे उठतात.

कुठल्या दिशेला जावं?

उन्हाळ्यात पश्चिमेला आणि दक्षिणेला. आपला जिल्हा एकसारखा नाही. खानापूर तालुका, जांबोटी, कणकुंबी हा सह्याद्रीला टेकलेला भाग, झाडीचा. उलट पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रायबाग, अथणीकडे जाल तसा पाऊस कमी, काळी माती, उघडी माळरानं आणि दुपारची झळ. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मे महिन्याच्या दुपारी लहान मुलांना घेऊन रांगेत उभं राहू नये. नवस असेल तर मोठ्यांनी पहाटे जाऊन यावं. पूर्वेचा भाग सुंदर आहे, पण तो श्रावणात आणि थंडीत बघायचा.

लांब जायचं नाही. बेळगावातच एक दिवस कसा घालवता येईल?

हा सगळ्यात चांगला बेत. बेळगावची मुलं किल्ल्यासमोरून शंभरदा गेलेली असतात आणि आत क्वचितच गेलेली असतात.

सकाळी सातपर्यंत किल्ल्यात शिरा. खंदक दाखवा, दाराशी दुर्गादेवीचं दर्शन घ्या आणि थेट कमल बस्तीकडे चला. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराजा याने १२०४ मध्ये हे जैन मंदिर बांधलं. आत काळ्या पाषाणातली नेमिनाथांची मूर्ती आहे. पूजा चालू असलेलं देऊळ आहे, तेव्हा चामड्याचे पट्टे-पाकिटं बाहेर ठेवा आणि पोरांना आवाज खाली ठेवायला आधीच सांगा.

इथे घाई करू नका. मुखमंडपात पोरांना खाली बसवा, मांडी घालून, आणि मान वर करायला सांगा. छतातून एक अख्खं दगडी कमळ खाली लोंबतंय. पहिल्यांदा ते मुलांना नुसती नक्षी वाटते. डोळे सरावले की पाकळ्यांचे थर दिसू लागतात, एकाखाली एक, आतल्या बाजूला वळत गेलेले. मग सांगा की पाकळ्या बहात्तर आहेत, आणि भूत, वर्तमान, भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर त्यांत कोरलेत. लगेच मोजणी सुरू होते. एक म्हणतो सत्तर, दुसरी म्हणते चौऱ्याहत्तर, पुन्हा पहिल्यापासून. या भांडणात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि ती जाऊ द्यावीत. आत दगडाचा गारवा असतो, पाय पोळत नाहीत, आणि आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं काम पोरं खरोखर नजरेने चाचपतात. मग शेजारची चिक्की बस्ती, थोडं पुढे सफा मशीद, आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात राहिले होते, हे मोठ्या मुलांना सांगण्यासारखं आहे. एकाच तटाच्या आत जैन बस्ती, मशीद, देवीचं देऊळ आणि आश्रम; एवढं एका सकाळी पायी फिरून बघायला मिळणं ही बेळगावची श्रीमंती आहे.

किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे आहे. फोटो काढायला मनाई असल्याचे फलक पोरांकडून वाचून घ्या आणि पाळा.

साडेनऊला बाहेर पडून किल्ला तलावाकाठी नाश्ता. तिथला ११० मीटरचा ध्वजस्तंभ पोरांना बघायचा असतोच. मग टिळकवाडी. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं बेळगाव अधिवेशन इथे भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, आणि त्याच्या तयारीचा मुख्य भार गंगाधरराव देशपांड्यांनी वाहिला होता. पाण्यासाठी तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर आणि अधिवेशनाचं स्मारक वीरसौध बघायला अर्धा तास पुरे. हजारो माणसांना पाणी पाजायला आधी विहीर खणावी लागली, हे तहानलेल्या पोरांना चटकन कळतं.

दुपार व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत किंवा सरळ घरी. पूर्वी देवी रोगाची लस तयार करण्यासाठी उभारलेली ही जागा आज शहरातली सगळ्यात दाट सावली आहे. संध्याकाळी कॅम्पातलं मिलिटरी महादेवाचं देऊळ, तिथल्या बागेत खेळणं, आणि दिवस संपला.

भूतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय?

लहान मुलांना नक्की न्या, पण सकाळी उघडल्या उघडल्या. राष्ट्रीय महामार्गावर कोल्हापूरच्या दिशेला आहे. साप्ताहिक सुट्टी आधी फोन करून विचारा. दहानंतर वाघ-सिंह आडोशाला जाऊन झोपतात आणि पोरं ‘उठ ना’ म्हणत जाळीला लटकतात. प्राण्यांना ओरडून उठवू नका, खडे मारू देऊ नका. उन्हाचा त्रास त्यांनाही होतोच.

वाटेत काकती लागतं. कित्तूरची राणी चन्नम्मा याच गावची लेक. गाडी हळू करून तेवढं जरूर सांगा.

राजहंसगडावर कधी जावं?

संध्याकाळी साडेचारनंतरच. येळ्ळूरचा हा गड शहरापासून पंधराएक किलोमीटरवर आहे, गाडी बरीच वरपर्यंत जाते, आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि २०२३ पासून शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभा आहे. तटावरून येळ्ळूरची भातशेती दिसते. पावसाळ्यानंतर तीच शेतं हिरवीगार असतात आणि तिथला बासमती सगळ्या बेळगावात वाखाणला जातो. पण गडावर झाड असं नाहीच. दुपारी तिथे जाणं म्हणजे तापल्या तव्यावर उभं राहणं. तटाच्या कडेला पोरांना पळू देऊ नका. वारा जोराचा असतो आणि टोपी उडाली की मागून पोर धावतं. ‘टोपी उडाली तर उडू दे’ हे वर चढण्याआधीच सांगून ठेवायचं.

आणखी एक. उंच कड्यांवर, जुन्या बांधकामांवर उन्हाळ्यात आग्या मोहोळ असू शकतं. अत्तर-सेंट लावून जाऊ नये, धूर करू नये, आणि मोहोळ दिसलं तर निमूट मागे फिरावं.

खानापूर, असोगा, हलशी एका दिवसात होतं का?

होतं, आणि मला विचाराल तर हा उन्हाळ्यातला सगळ्यात भरगच्च दिवस आहे. खानापूरपर्यंत रेल्वेने न्या. पंचवीसेक किलोमीटरचाच प्रवास, पण आगगाडीत बसायला मिळालं याचाच पोरांना आनंद. पुढे टेम्पो ठरवून ठेवा.

आधी हलशी, कारण सकाळची वेळ तिथे हवी. हलशी म्हणजे कदंबांच्या काळातली पलाशिका, त्यांची दुसरी राजधानी. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मध्ये उभं राहून एकदा इकडे वराह आणि एकदा तिकडे नरसिंह बघताना मुलं गरगर फिरतात. गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे काम. एवढ्याशा गावात असावं असं हे देऊळच नव्हे, आणि म्हणूनच मुलांना विचारावं: राजधानी गेली कुठे? उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

अंगण मात्र दगडी आहे. नऊला ते कोमट असतं, अकराला पाय टेकवत नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत जुने सुती मोजे ठेवा. देवळातून बाहेर येताना पोरं टाचांवर नाचत येतात, ते मोज्यांनी वाचतं.

परतताना नंदगड. राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ मध्ये इथे फाशी दिली, त्याची समाधी आहे. दर्शन घेऊन पुढे निघा आणि दुपारी असोग्याला मलप्रभेच्या काठी झाडाखाली डबे उघडा.

असोग्याला नदीत पोहू द्यायचं का?

नाही. गुडघाभर पाणी दिसत असलं तरीही नाही.

यावर दरवेळी वाद होतो. ‘आम्ही लहानपणी डुंबत होतो’ असं घरातले मोठे सांगतात, आणि ते खरंही असतं. पण तेव्हा त्यांना डोह माहीत होते, सोबत गावातली पोरं होती. उन्हाळ्यात नदी आटते, डोह आटत नाहीत. वाळू उपसलेल्या ठिकाणी पात्रात खड्डे पडलेले असतात. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात दोन पावलांवर डोक्याएवढी खोली लागते. शेवाळलेल्या दगडावरून एक घसरला की त्याला काढायला दुसरा जातो आणि दोघंही जातात. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात.

काठावर बसून पाय बुडवायचे असतील तर मोठ्या माणसाने आधी स्वतः उतरून जागा तपासावी, पाण्याच्या बाजूला मोठ्याने बसावं, आणि एकावेळी चारच पोरं. मोठ्या माणसाच्या हातात दोर हवा. कुणी पडलंच तर उडी न मारता दोर, काठी, ओढणी, रिकामा पाण्याचा कॅन, जे हाती लागेल ते फेकायचं. हे पोरांकडून एकदा सावलीत करून घ्या.

जांबोटी-कणकुंबी?

दहा वर्षांपुढच्या मुलांना जास्त आवडतं. जांबोटीच्या पुढे रस्त्याला दोन्हीकडून झाडी येते आणि गाडीतली कुरकुर थांबते. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. इथे उगवलेली नदी पुढे कुडलसंगमला कृष्णेला मिळते. असोग्याला जिच्यात पाय बुडवले तीच ही, हे नकाशावर बोट ठेवून दाखवा. पुढे चोर्ला घाट उतरून गोव्याकडे जायचा मोह आवरा. वळणांवर निम्मी पोरं ओकतात. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नये आणि काडेपेटी बाहेर काढू नये, वाळल्या पाचोळ्याला ठिणगी पुरते.

कित्तूर उन्हाळ्यात करावं का?

पहाटे निघून दहापर्यंत किल्ल्यातला वाडा आणि संग्रहालय उरकत असेल तरच. ऑक्टोबर १८२४ मध्ये चन्नम्माच्या फौजेने कंपनीचा कलेक्टर थॅकरे याला इथे गारद केलं, आणि ती स्वतः १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारली. ही गोष्ट मुलांना फार भिडते. पण पडक्या वाड्याच्या उघड्या जोत्यावर उभं राहून ती सांगू नका, झाडाखाली बसवून सांगा.

किती मुलांमागे किती मोठी माणसं?

पाच मुलांमागे एक. त्यात स्वयंपाकाचं बघणारी काकू आणि गाडीचा चालक धरायचा नाही. मुलांच्या जोड्या लावा, एक मोठा एक लहान. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि गाडीत चढताना ‘एक, दोन, तीन’ असं ज्याने त्याने ओरडायचं. दंडावर आतल्या बाजूला बॉलपेनने एका मोठ्या माणसाचा फोन नंबर लिहा, घामाने चिठ्ठी विरघळते. दमा, फिट, कसली अॅलर्जी, चालू औषध हे आईबापांकडून आदल्या दिवशी लिहून घ्या. आई ‘तसं काही नाही हो’ म्हणाली तरी एकदा पुन्हा विचारा.

बस बरी की खासगी गाडी?

दहा-बारा मुलांना क्रूझर किंवा टेम्पो सोयीचा. टपावर कुणी नाही, दाराच्या पायरीवर कुणी नाही. बंद गाडीत ‘पाच मिनिटं झोपू दे त्याला’ म्हणून लेकरू ठेवून जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीतली हवा दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी तापते.

लाल बसही चांगली. कर्नाटकाच्या बसमध्ये सहा वर्षांखाली तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुलींना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, पण राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. कोल्हापूरच्या भाचीचं तिकीट काढावंच लागणार. बसमध्ये चढल्यावर यावरून बहिणी-बहिणींत रुसवे होऊ नयेत म्हणून आधीच सांगून ठेवा.

पाणी किती न्यायचं?

माणशी दोन लिटर आणि वर एक वीस लिटरचा कॅन, नळ असलेला. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही; चालत असताना दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी थांबून अर्धा पेला. खेळात रमलेलं पोर पाणी मागत नाही, त्याला द्यावं लागतं. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

ओआरएसचे पुडे ठेवा. मोठा पुडा एक लिटरला, छोटा २०० मिलिलिटरला. अंदाजाने दाट-पातळ करू नका. पुडा नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाटलीतली रंगीत गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

डब्यात काय द्यावं?

दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, काकडी. ओल्या नारळाची चटणी नको, अकराला ती आंबते. दहीभात करायचा तर तो घरून आंबट करून नेऊ नका. गरम मऊ भात पहाटे दुधात कालवा, कोमट झाला की चमचाभर दही घाला, मीठ वेगळ्या पुडीत न्या. दुपारी बारापर्यंत तो डब्यातच लागतो आणि खाताना गोडसर, गार असतो. वरून फोडणीची मिरची मोठ्यांसाठी.

सकाळी निघताना एक एक पेला नाचणीची आंबील पाजा. आमच्याकडच्या शेतावर जाणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा असाच काढला. शहरातली पोरं पहिल्यांदा नाक मुरडतात. ताक जास्त आणि किसलेला कांदा घातला की पितात.

बाहेरचं काही खाऊ द्यायचं की नाही?

सगळंच बंद केलं तर सहलीची मजा काय? उसाचा रस बर्फाशिवाय, समोर काढलेला. बर्फगोळा नको, पाणी कुठलं ते कळत नाही. शहाळं उत्तम. खानापूर-जांबोटी रस्त्यावर बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, मेअखेरीस जांभळंही येतात. जरूर घ्या, भाव पाडू नका, आपल्या पाण्याने धुऊन खा. काजूची बोंडं घशाला खवखवतात, अर्ध्याहून जास्त देऊ नका. कुंदा आणि गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) यांपैकी करदंट उन्हात टिकतो. कुंदा दुधाचा, तो परतल्यावर शहरातच घ्या.

कपडे कसे? आणि खिशात कांदा ठेवावा का?

सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे. कडा असलेली टोपी, आणि एक पंचा, जो भिजवून मानेवर टाकता येतो. चपलांपेक्षा बूट.

कांद्याबद्दल आजी सांगते तर ठेवा, आजीचा मान राहील. पण खिशातला कांदा ऊन थांबवत नाही. त्याच्या भरवशावर पाण्याचा घोट टाळू नका. तोच कांदा जेवणात खा.

मुली पाणी पीत नाहीत. काय करावं?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि पुरुषांच्या लक्षातच येत नाही. आठ-नऊ वर्षांपुढच्या मुली प्रवासात पाणी टाळतात, कारण जायला जागा नसते. दुपारी डोकं दुखायला लागतं ते यातून. वाटेतली स्वच्छतागृहं आधी हेरून ठेवा: महामार्गावरचे पेट्रोल पंप, खानापूर बस स्टँड, ओळखीचं एखादं घर. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवायची, मुलीने सांगायची वाट बघायची नाही. बरोबर एक तरी काकू किंवा ताई असावी, जिच्याकडे मुली मोकळेपणी बोलतील, आणि तिच्या पिशवीत पॅड असावेत.

कुणाला ऊन लागलं तर?

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायात गोळे, अंग घामाने गार पडणं: लगेच सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, पाय थोडे वर, घोट घोट ओआरएस, ओल्या पंचाने अंग पुसा. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात नाही.

अंग तव्यासारखं पोळतंय, पोर असंबद्ध बोलतंय, झिंगतंय, झटके येताहेत किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा. ही सेवा कर्नाटकात आणि महाराष्ट्रात, दोन्हीकडे आहे. गाडी येईपर्यंत हात बांधून बसू नका: अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा, जांघा इथे ओले फडके ठेवा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, या तापाला ती लागू पडत नाही.

दुपारचे चार तास पोरांना गुंतवायचं कसं?

पहिला तास जेवणात, दुसरा लवंडण्यात जातो. झोप नाही आली तरी पडून राहायचं. मग गाण्याच्या भेंड्या, सागरगोटे, सकाळी पाहिलेल्या कमळाचं चित्र. मोबाईल मोठ्यांनीही पिशवीत ठेवावा.

मेच्या ३-४ तारखेच्या आसपास जाणार असाल तर एक गंमत जरूर करा. त्या सुमारास बेळगावात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सव्वाबाराला सपाट जमिनीवर पाण्याची बाटली सरळ उभी करा आणि झाडाखाली बसून बघा. सावली आखडत आखडत बाटलीच्या बुडाखाली शिरते, आणि मग दुसऱ्या बाजूने हळूच डोकावते. एक-एकाने पळत जाऊन मिनिटभर आपली सावली पायाखाली दडलेली बघायची आणि परत यायचं. ऑगस्टमध्येही असा दिवस येतो, पण तेव्हा आपल्याकडे बहुधा ढग असतात. मेमध्ये पाहून घ्यावं.

कन्नड येत नाही, अडेल का?

बेळगाव-खानापूरकडे मराठीवर सगळं चालतं. कित्तूर-गोकाककडे ‘नीर कोड्री’ एवढं आलं तरी पाणी मिळतं, आणि पोरांना बघून लोक बसायला चटईही देतात. बसवरच्या पाट्यांसाठी कन्नड शिकणारं एखादं पोर सोबत असतंच. त्याला पाट्या वाचायचं काम द्या, दिवसभर रुबाबात असतं.

कुठला दिवस टाळावा?

बेळगावात शिवजयंती तिथीने, वैशाखात होते आणि चित्ररथ मिरवणुकीला रात्रभर सगळं शहर रस्त्यावर असतं. मुलं जागलेली असतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी सहल ठेवू नका. मिरवणूक मात्र पाहुण्या पोरांना जरूर दाखवा.

दुपारी वळीव आला तर?

मेमध्ये येतोच, कधी गारांसकट. आभाळात काळं दाटलं आणि गडगडलं की गडावरून, नदीतून, मोकळ्या माळावरून लगेच निघा. एकट्या झाडाखाली थांबू नका. सावलीसाठी जे झाड चांगलं, ते विजेच्या वेळी सगळ्यात वाईट. गाडीत बसा, काचा वर करा. वीस मिनिटांत थांबतो. वीज पूर्ण थांबल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मग पोरांना चिखलात उड्या मारायच्या असतील तर मारू द्या, म्हणून प्रत्येकाचा एक जादा कपड्यांचा जोड घ्या.

मुलं गोकाक धबधब्याचा हट्ट धरतात. नेऊ का?

मे महिन्यात नका नेऊ. घटप्रभा तिथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते, पण उन्हाळ्यात कड्यावरून जेमतेम धार येते आणि उघडा खडक भट्टीसारखा तापलेला असतो. मुलांना धबधबा म्हणून कोरडा कडा दाखवला तर हिरमोड होतो आणि पुन्हा यायला ती राजी होत नाहीत. जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात एखादा रविवार धरा. लाल-तपकिरी पाण्याचा लोट, अंगावर येणारे तुषार आणि झुलता पूल, सगळं तेव्हा बघायचं; कठड्यापासून मागे उभं राहून. पुण्या-कोल्हापूरच्या भावंडांना गणपतीच्या सुट्टीत बोलावून घ्या, तेव्हा दोन्हीकडच्या शाळांना सुट्टी जुळते का ते आत्ताच विचारून ठेवा.